अस्सल बरहुकूम

कचेरीच्या नक्कल विभागातून जो कागद बाहेर पडे, त्याच्या तळाशी, शिक्क्याच्या थोडे वर, ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असे लिहिण्याची जुनी वहिवाट होती. आणि माझ्या एका दूरच्या मामांनी अकोल्याच्या दप्तरखान्यात नोकरीची बहुतेक वर्षे हे तीन शब्द लिहिण्यातच घालविली. दिवसभर परक्यांच्या खरेदीखतांच्या, फेरफारांच्या आणि निवाड्यांच्या नकला उतरविणारा, ज्या लेखनात पदरचा एक काना घालण्याचीही मुभा नाही अशा लेखनात बोटे झिजविणारा हा गृहस्थ संध्याकाळी घरी परतला, म्हणजे हातपाय धुऊन, खंजिरी मांडीवर घेऊन भजने रचीत बसे. भजन जमले की चाल विसरू नये एवढ्याच हेतूने तो ते घरच्या टेपरेकॉर्डरवर म्हणून ठेवी. कॅसेट पत्र्याच्या पेटीत जाई, आणि पेटी माळ्यावर. मामा गेले, पेटी राहिली. तिच्यात एकतीस कॅसेटी निघाल्या.

त्या कॅसेटींतील आवाज त्यांच्या नातीने संगणकावर उतरवून घेतला आणि मग ती माझ्याकडे आली. ‘‘आबाजी, हे नेटवर टाकू का? आजोबानं तं कोनाले कधी ऐकवलंच नाही.’’ तिच्या प्रश्नात होकाराची अपेक्षा होती, आणि होकार देणे सोपेही होते. परंतु त्या दुसऱ्या वाक्याने मी अडखळलो. ज्याने कधी कोणाला ऐकविले नाही, त्याचे गाणे जगाला ऐकविण्याचा अधिकार कोणाचा? आणि त्याही आधीचा प्रश्न असा, की आपण जतन करतो म्हणतो, ते नेमके कशाचे?

वऱ्हाडातील भजनांच्या पुस्तिका ज्यांनी हाताळल्या असतील, त्यांना पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात छापलेला ‘चाल’ हा शब्द आणि त्यापुढे एखाद्या विस्मृत चित्रपटगीताचे किंवा जुन्या पदाचे नाव परिचित असेल. खुद्द तुकडोजी महाराजांच्या भजनसंग्रहांतही अशी तर्ज नोंदविलेली आढळते. ही सोय छापणाऱ्याने गृहीत धरलेल्या एका समजुतीवर उभी असते: वाचणाऱ्याला ते मूळ गाणे येतेच. ते गाणे ज्या पिढीच्या कानावर होते, ती पिढी सरली, की पद अर्थाने शाबूत राहते आणि सुराने मुके होते. मामांच्या वहीत दीडएकशे पदे सुवाच्य अक्षरात आहेत, दप्तरी अक्षर ते. पण त्यांपैकी निम्म्यांवर ‘चाल स्वतःची’ एवढाच शेरा आहे. ती स्वतःची चाल त्या पेटीबाहेर कोठेही नव्हती.

आणि पेटी ही काही तिजोरी नव्हे. फिलिप्स कंपनीने 1963 साली बाजारात आणलेल्या या कॅसेटीतील फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीवर चिकटविलेली लोहाची भुकटी. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने ती सरकते आणि भुकटीच्या चुंबकत्वातून आवाज उमटतो. अकोल्याचा मे महिना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत काय करीत असेल, हे वऱ्हाडच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. चिकट सुटते, भुकटी झडते, पावसाळ्यात बुरशी धरते. वर्षानुवर्षे गुंडाळून पडलेल्या फितीत आणखी एक चमत्कार घडतो. एका वेढ्याचे चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर किंचित उमटते. परिणामी भजन सुरू होण्याच्या क्षणभर आधी, जिथे केवळ शांतता असावयाची, तिथे तेच भजन फार दूरवरून, विहिरीच्या तळातून यावे तसे ऐकू येते. तंत्रज्ञ याला दोष समजतात. मी मात्र पहिल्यांदा ते ऐकले तेव्हा दचकलो, आणि नंतर बराच वेळ तेवढाच भाग पुन्हापुन्हा ऐकत राहिलो.

शब्द टिकतो की नाहीसा होतो, हा वाद आपल्याकडे फार प्राचीन आहे, आणि तो करणारांच्या डोळ्यांपुढे कोणतेही यंत्र नव्हते. मीमांसक म्हणाले, शब्द नित्य आहे. आपण उच्चारतो तेव्हा तो निर्माण होत नाही, केवळ प्रकट होतो. नैयायिकांनी उलट बजावले, की शब्द हा आकाशाचा गुण, तो उत्पन्न होतो आणि लगेच नष्ट होतो. जे उरल्यासारखे वाटते ती आपली स्मृती. वैयाकरण भर्तृहरीने या वादात एक सूक्ष्म भेद केला, आणि मला तोच इथे उपयोगाचा वाटतो. त्याने ध्वनी दोन प्रकारचा मानला. ज्याच्या योगाने शब्द ओळखू येतो तो प्राकृत. आणि शब्द ओळखल्यानंतरही जो लांबत, रेंगाळत राहतो, ज्यात बोलणाऱ्याची द्रुत वा विलंबित गती सामावते, तो वैकृत. वैकृत ध्वनी कितीही पालटला तरी शब्द पालटत नाही, म्हणून शब्दाच्या स्वरूपाचा विचार करताना तो बाजूला ठेवावयाचा.

वेदपाठापासून पोथ्यांपर्यंत आपली सारी जतनव्यवस्था या विवेकावर चालली. उच्चार, मात्रा, स्वर जपले. म्हणणाऱ्याचा घसा जपला नाही. माधानचे प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (1881–1915) नऊ महिन्यांचे असताना दृष्टीला मुकले. त्यांनी सांगावे आणि शिष्यांनी उतरून घ्यावे, अशा रीतीने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ झाले, आणि सांगण्याच्या वेगाला लिहिणे पुरे पडावे म्हणून त्यांनी स्वतः लघुलिपीही योजली. त्या लिपीत वाक्य मावले. सांगणाऱ्याचा श्वास मावणे शक्य नव्हते. मामांच्या कॅसेटीत नेमके याच्या उलट झाले आहे: पदे वहीत होतीच, फितीवर उरला आहे तो घसा, तो थांबा, ‘‘अरे कूलर बंद कर’’ ही हाक, चुकलेले कडवे, खोकला, आणि चूक सुधारून पुन्हा धरलेला धृपदाचा सूर. भर्तृहरीने बाजूला ठेवलेले सारे काही तिथे आहे.

मग हे जतन करणे म्हणजे टरफले जपणे आहे काय? माझे मत असे, की नाही. आणि या मताला आधार मला अमरावती जिल्ह्यातच, रिद्धपुरात सापडतो.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे, महानुभाव ज्यांना परमेश्वर अवतार मानतात त्या श्रीगोविंदप्रभूंच्या मनात लग्न करून घेण्याची लहर आली, आणि भोवतालच्या भक्तांनी ती लीळा म्हणून साजरी केली. लग्न म्हटले की गाणी हवीत. म्हणून महदाइसेने उभ्या उभ्या धवळे रचून गायिले. ती पेशाने कवयित्री नव्हती, तिने ग्रंथ करण्याचे योजिले नव्हते. प्रसंगाला गाणे हवे होते आणि ते तिच्या तोंडून आले. तिला आपण आज मराठीची आद्य कवयित्री म्हणतो, आणि त्यामुळे हे विसरतो, की ती त्या क्षणी एक हौशी गाणारी बाई होती, जिचे गाणे लग्न आटोपताच विरून जाण्यास काहीच हरकत नव्हती. ते विरले नाही, याचे कारण भोवतालच्या मंडळींची स्मरणाकडे पाहण्याची दृष्टी. महानुभाव साधनेत स्मरण हे मनाचे दुबळेपण नव्हे, ते नित्याचे विहित कर्म आहे. आणि त्या स्मरणाचे विषय म्हणजे परमेश्वर अवताराचे नाम, मूर्ती, लीळा आणि चेष्टा. चेष्टा म्हणजे हालचाल: कसे बसले, कसे वळून पाहिले, काय खाल्ले. जिथे ते बसले, निजले, तिथे ओटे बांधले गेले, आणि त्या स्थानांच्या नोंदीची स्थानपोथी झाली. तत्त्वज्ञाने गौण ठरविलेला आगंतुक तपशील भक्ताने असा साधनेच्या केंद्रस्थानी आणून बसविला.

म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले, तेव्हा पंथप्रवर्तक चक्रधरस्वामींना पाहिलेल्या-ऐकलेल्यांकडे ते स्वतः गेले, माणूस शेतात असेल तर शेतात गेले, आणि आठवण ज्याची त्याच्याकडून घेतली. पुढे खालशाच्या धाडीत पोथी गेली. ती पुन्हा उभी राहिली ती हिराइसा आदींच्या स्मरणातून, आणि सांगणाऱ्यागणिक जे पाठभेद पडले, ते पुसून टाकून एकच अस्सल ठरविण्याऐवजी परंपरेने ते भेदही वागविले. नक्कल विभागात असले काही चालले नसते! परंतु इथे मला मामांच्या एकाच भजनाच्या चार कॅसेटी आठवतात. चारींत चाल थोडी थोडी निराळी आहे, तिसरीत अंतरा चढा आहे, चौथीत तो पुन्हा उतरविला आहे. यांतले अस्सल कोणते? नातीला वाटत होते, शेवटचे तेवढे ठेवावे. मी तिला चारही ठेवावयास सांगितले, कारण शेवटचे ते पक्के, हा समज छापखान्याने लावलेला आहे. गाणाऱ्या माणसाचा तो अनुभव नाही.

अधिकाराचा प्रश्न मात्र याने सुटत नाही, आणि त्याच महानुभावांनी तो बिकट करून ठेवला आहे. इतक्या आस्थेने जमविलेले वाङ्मय त्यांनी पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत बंद केले. ज्याला दीक्षा नाही, त्याला अक्षर लागू नये. जपणे आणि खुले करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पुरते उमगले होते. इंटरनेटवर ठेवलेल्या वस्तूला किल्ली नसते. तिथे अधिकारी-अनधिकारी हा भेद उरत नाही, आणि एकदा सुटलेली नक्कल परत दप्तरी दाखल करून घेण्याची सोयही नसते.

अमरावती जिल्ह्यातीलच दुसरा एक आवाज या बाबतीत मला फार विचारात पाडतो. गाडगेबाबांचा जन्म 1876 साली शेंडगावचा, बाळपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आजोळी गेलेले. त्यांनी एक ओळ लिहिली नाही. त्यांना अक्षरओळखच नव्हती. त्यांनी शिष्य केला नाही, पंथ काढला नाही, आपल्यामागे आपली आरास मांडू नये याविषयी ते कठोर होते. 8 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी कीर्तन केले. पुढे सहा आठवड्यांनी, 20 डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावास पेढी नदीच्या परिसरात त्यांचा देह सुटला. त्या वांद्र्याच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण झाले होते, आणि आज ते ज्याच्या खिशात मोबाइल आहे त्याला केव्हाही ऐकता येते. ज्यांनी स्वतःची समाधीसुद्धा नको म्हटले असते, त्यांचा आवाज जपणे हा त्यांच्या इच्छेचा भंग झाला काय? तसे मला वाटत नाही. त्यांना नको होती ती पूजा. बोलणे तर लोकांनी ऐकावे म्हणूनच होते. त्या मुद्रणात जे खरोखर हरपले आहे, ते निराळेच. बाबांचे कीर्तन प्रश्नांनी चाले. ते समुदायाला विचारीत, समुदाय ओरडून उत्तर देई, आणि त्या उत्तराला धरून पुढचा प्रश्न येई. आता प्रश्न मोबाइलमधून येतो, उत्तर 1956 सालच्या माणसांनी आधीच देऊन ठेवलेले असते, आणि आजचा ऐकणारा एस. टी. च्या खिडकीशी गप्प बसलेला असतो. कीर्तन ऐकले गेले, पण ऐकणाऱ्याला कोणी विचारले नाही.

बृहदारण्यकाने पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या. मामांचे भजन जगापुढे ठेवण्यात तिसरीचा वास येतो, असे माझ्या एका कर्मठ मित्राने सुचविले. आणि प्रत्येक पदाच्या अखेरीस मामांनी ‘दास’ जोडून आपली नाममुद्रा घातली आहे, हे त्याने पुरावा म्हणून पुढे केले. पण ज्याने चाल विसरू नये म्हणून गाऊन ठेवले, त्याला आपण विसरले जाऊ नये अशी वासना होती, असे कसे म्हणावे? एषणा असेलच तर ती आम्हां मागे राहिलेल्यांची आहे, आणि ती कबूल करण्यात मला कमीपणा वाटत नाही. मोझरीस दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला, दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी, त्यांच्या देहावसानाच्या वेळी, हजारो माणसे मौन धरून उभी राहतात. आयुष्यभर खंजिरी वाजवीत गायिलेल्या माणसाची आठवण शांत उभे राहून काढणे, ही केवढी मोठी समज आहे. परंतु ते मौन भरीव वाटते, कारण भजने प्रत्येकाच्या कानात आधीपासून असतात. मामांसाठी कोणी तसे उभे राहावयाचे झाले, तर त्याच्या कानात काय असणार?

म्हणून मी नातीला हो म्हटले. कूलरची हाक काढू नको म्हटले, खोकला काढू नको म्हटले. वहीतील पद सोबत टाइप करून ठेव, म्हणजे कोण्या भजनी मंडळाला म्हणावेसे वाटले तर शब्द हाताशी राहतील, आणि चाल बदलून म्हटले तरी हरकत घेऊ नको, असेही सांगितले. गेल्या पोळ्याच्या सुमारास मूर्तिजापूरकडील एका गावच्या मंडळींनी त्यांतले एक भजन म्हटले म्हणे. अंतरा त्यांनी तिसऱ्या कॅसेटीचा घेतला.

तीस कॅसेटी अशा रीतीने लोकांपुढे गेल्या. बाविसाव्या कॅसेटीत भजन अर्ध्यावर तुटते, आणि मग रेकॉर्डर बंद करावयाचे विसरल्यामुळे मामा आणि मामी यांच्यातले दहाएक मिनिटांचे बोलणे आहे, एका गेलेल्या मुलाविषयीचे. आम्ही दोघांनी ते एकदाच ऐकले. कव्हरवर मामांच्या दप्तरी अक्षरात ‘चाल कच्ची’ एवढेच लिहिले आहे. ती कॅसेट पेटीतच आहे; पेटी मात्र नातीने माळ्यावरून उतरवून माजघरात, रांजणाच्या बाजूला गारव्याला ठेवली आहे.