बहुश्रुत

विद्येने मोठ्या झालेल्या माणसासाठी मराठीत विशेषणांची वानवा नाही. विद्वान, पंडित, व्युत्पन्न, व्यासंगी, प्रज्ञावंत, शास्त्रीबुवांच्या नावामागे लागणारे वेदशास्त्रसंपन्न, दहा ग्रंथ मुखोद्गत असणारा दशग्रंथी. यांतला प्रत्येक शब्द विद्येची एकेक बाजू उजळतो. कोणी जाणले, कोणाची शास्त्रांत गती झाली, कोण विषयाला जन्मभर चिकटून राहिला, हे ते सांगतात. पण या पंक्तीत एक शब्द असा आहे की, सज्जनहो, त्याच्यापाशी माझे मन पुनःपुन्हा थबकते. तो शब्द म्हणजे बहुश्रुत. ज्याने पुष्कळ ऐकले, तो. या थोरवीत वाचन नाही, लेखन नाही, वक्तृत्व तर नाहीच. आहे ते केवळ ऐकणे.

ज्या परंपरेने आपल्या परमग्रंथालाच श्रुती म्हटले, तिला विद्या कानांतूनच येणार हे ठाऊक होते. वेदाची संथा आजही तशीच दिली जाते: गुरुजी म्हणतात, शिष्य ऐकतो, आणि ऐकले तेच स्वरासकट परत म्हणतो. घनपाठी होऊ पाहणारा तर दोन पदे सरळ म्हणतो, तीच उलटी म्हणतो, मग तीन पदे सरळ, तीन उलटी आणि पुन्हा तीन सरळ, आणि असे करीत मंत्राच्या शेवटापर्यंत जातो. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, उदात्त ढळला, तर गुरूच्या कानाला ते तत्क्षणी कळते. मुखाची ही सारी तपश्चर्या मुळात कानाची आहे, आणि बहुश्रुत शब्दातले ‘श्रुत’ या मुशीतून निघालेले आहे. नुसते कानावरून गेले ते श्रुत नव्हे. आत जाऊन राहिले ते श्रुत.

म्हणूनच बृहदारण्यकात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्म्याविषयी उपदेश करतात, तेव्हा श्रवण, मनन आणि निदिध्यासन अशी वाट दाखवतात. श्रवणावाचून मनन म्हणजे बियाण्यावाचून नांगरट.

आता ‘बहु’कडे वळू, कारण या शब्दाचा खरा कस तिथे आहे. बहु म्हणजे पुष्कळ खरे, पण एकाच मुखातून पुष्कळ ऐकले तर माणूस निष्ठावंत होईल, बहुश्रुत होणार नाही. आपल्या शास्त्रकारांनी सिद्धान्ताआधी पूर्वपक्ष मांडण्याची रीत घालून दिली, ती मला या शब्दाचीच शिस्त वाटते. आपल्याला न पटणारे मत आधी इतके नीट ऐकायचे, आणि मांडायचे इतक्या बळकटपणे, की ते मत धरणाऱ्यानेही मान डोलवावी. त्यानंतरच आपले उत्तर. विरोधकाचे म्हणणे ज्याला धड सांगता येत नाही, त्याने कितीही ग्रंथ चाळलेले असोत, त्याच्या श्रुतात ‘बहु’ आलेले नाही.

आणि हा शब्द अक्षरओळखीवरही अडत नाही. असोद्याच्या माहेरी 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी इतरांनी टिपून घेतली आणि पुस्तकरूपाने 1952 साली, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाली. त्यांना सुशिक्षित म्हणता येत नाही, पंडिता म्हणता येत नाही. पण शेत, जाते, घरोट, सुगरणीचा खोपा, लोकांची सुखदुःखे हे सारे त्यांनी ज्या कानांनी ऐकले, ते आठवले की बहुश्रुत हे विशेषण त्यांच्यापुढे आपसूक नम्र होते.

तरीही समर्थांनी या शब्दाला एक कठोर इशारा जोडून ठेवला आहे. दासबोधात दुसऱ्या दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची लक्षणे येतात, आणि त्यांतल्या पहिल्याच लक्षणात तो मनुष्य बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञान प्रांजळ बोलतो आहे. फक्त त्याच्यापाशी दुराशा आहे आणि अभिमान आहे. चौथ्या दशकात नवविधा भक्तीचा आरंभ श्रवणाने करणारे समर्थच हे सांगतात, म्हणून ते अधिक लक्षपूर्वक घ्यावे. अभिमान शिरला की पहिला बंद होतो तो कान. तोंड चालूच राहते, पाठही बिनचूक असतो, पण नवे काही आत जात नाही, आणि मग मागे ऐकलेले सगळे नुसता साठा होऊन पडते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना आरंभ अमानित्वाने होतो आणि ज्ञानदेव त्या लक्षणांपाशी दीर्घकाळ रमतात, याचे मर्म इथे आहे. ते स्वतः नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्यांच्यापुढे लेकराच्या सलगीने बोलतात. एवढा ज्ञानी वक्ता श्रोत्याला मोठेपण देतो, कारण ऐकणे हे त्याने कधी खालचे काम मानलेले नाही.

आपण सत्कारसमारंभात, मानपत्रांत, श्रद्धांजलीच्या लेखांत बहुश्रुत हा शब्द फार सढळ हाताने वापरतो. यापुढे तो कोणासाठी लिहिण्याआधी, वाचकहो, त्या व्यक्तीला स्वतःहून लहान माणसाचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेताना आपण कधी पाहिले आहे का, एवढे आठवून पाहावे. पाहिले नसेल तर विद्वान हा शब्द आहेच.