पट्टा पडल्यावर येणारे शिक्षक

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच घरांना कुलपे लागायला सुरुवात होते. भांडीकुंडी, ज्वारी-बाजरीचे पोते, शेळी, तान्ही पोरे घेऊन ऊसतोड कामगारांच्या टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाने आगाऊ उचल दिलेली असते आणि ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गळीत हंगाम संपतो, तेव्हा ही माणसे गावी परततात. सिंदफणेच्या काठच्या आणि बालाघाटच्या माथ्यावरच्या कितीतरी गावांचे वर्ष असे दोन भागांत मोडलेले आहे.

याच तालुक्यात आर्वी या गावी दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी 2000 साली ‘शांतिवन’ हा निवासी शिक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ऊसतोड कामगारांच्या मुलांना मागे राहून शिकता यावे, हा त्यामागचा मूळ विचार. पुढे आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलेही तिथे आली. या कामाची प्रेरणा बाबा आमट्यांची. 1967 साली बाबांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, तेव्हापासून ऐन मे महिन्यात तरुण मुले-मुली तिथे जात आली आहेत. सुट्टीतले काही दिवस एखाद्या तरुणाच्या आयुष्याची दिशा बदलू शकतात, हे महाराष्ट्राने त्या छावणीत पाहिले आहे. म्हणून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी उन्हाळी इंटर्नशिपसाठी अशा निवासी शाळांत जाऊन शिकवावे, या कल्पनेचे मी मनापासून स्वागत करतो. माझा मतभेद आहे तो वेळेबद्दल.

छावणी तरुणांसाठी असते, तिथे त्यांच्या सुट्टीचा हिशेब योग्यच आहे. निवासी शाळा मुलांसाठी असते. उन्हाळी इंटर्नशिपचे वेळापत्रक मात्र महाविद्यालयाच्या परीक्षा संपण्यावर ठरते. परीक्षा संपल्या, मे उजाडला, की विद्यार्थी मोकळे. त्या मे महिन्यात शिरूरच्या मुलाकडे काय असते? सहा महिन्यांनी घरी आलेली आई असते. तिच्या हाताची भाकरी असते, बापाबरोबर पेरणीआधीची रानातली कामे असतात, ठरलेली लग्ने आणि जत्रा असतात. वर्षभरात आई-बापांच्या सहवासाचे जे थोडे आठवडे त्याच्या वाट्याला येतात, ते नेमके हेच. अशा वेळी त्याला वसतिगृहात थांबवून इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेणे मला अन्यायाचे वाटते. शिकवणारा कितीही चांगला असो, उन्हाळा या मुलांच्या आईचा आहे.

सुट्टीतही शाळेतच राहणारी काही मुले असतात. ज्यांना परत जायला घर नाही, किंवा घर असूनही ते सुरक्षित नाही, अशी. त्यांच्यासाठी मे महिन्यात कुणी यावे, जरूर यावे. पण त्यांना अभ्यासाहून सोबतीची गरज अधिक असते. गोष्टी वाचून दाखवणारा, विहिरीवर पोहायला शिकवणारा, संध्याकाळी शेजारी बसणारा दादा किंवा ताई त्यांना हवी असते. घरी गेलेल्या मित्रांची आठवण काढत बसलेल्या मुलासमोर फळा उभा करण्याची घाई कशाला?

मग शिकवायला माणसे लागतात कधी? नोव्हेंबर ते मार्च. त्या महिन्यांत निवासी शाळा आणि शासनाची हंगामी वसतिगृहे भरलेली असतात. आई-वडील गेल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यांत जड जातात. लहान मुले रात्री रडतात, मोठी गप्प होतात. शिवाय दर वर्षी काही मुले मध्येच फडावर जातात आणि परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. पाचवीत बसलेल्या मुलाला दुसरीचा उतारा अडखळत वाचावा लागतो. ही अडचण एकट्या बीडची नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या 2024च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आलेला नाही. पण इथे तिचे कारण डोळ्यांसमोर असते, आणि तिच्यावरचा उपायही फार अवघड नसतो. चार-पाच मुलांना जवळ घेऊन रोज तासभर, त्यांना जिथपर्यंत येते तिथून पुढे वाचायला शिकवायचे. चाळीस मुलांच्या वर्गात नेमणुकीच्या शिक्षकाला हे जमत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला जमते. तिला अध्यापनशास्त्राची पदवी लागत नाही. धीर लागतो, आणि शाळेतल्या अनुभवी शिक्षकाचे लक्ष लागते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर हेच ओळखले होते. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. गुरे चरतात तिथे शाळा नेली. तिला कुरणशाळा म्हणतात. मुलाच्या दिवसाला शाळेने आपला दिवस जुळवून घ्यायचा, इतका हा साधा विचार आहे. आपण एवढ्या वर्षांनंतर इंटर्नशिप आखताना तो विसरावा, याचे मला वाईट वाटते.

आता नियमांची सबबही उरलेली नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षण आणि समाजाशी जोडलेले काम आले आहे. एका श्रेयांकाला साधारण 30 तास धरतात, म्हणजे चार श्रेयांकांचे 120 तास. ते सलग मे महिन्यातच भरले पाहिजेत, असे शिक्षणशास्त्र सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस रोज सहा तास धरले तर 48 तास होतात. जानेवारीतल्या चार शनिवार-रविवारी आणखी 48. उरलेले 24 तास मार्चअखेर, पट्टा पडायच्या आधी. बीड, पाटोदा, गेवराई, पाथर्डी इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांना हे एसटीच्या अंतरावर आहे.

आणि खरे तर जवळच्या महाविद्यालयांतल्या या मुलांनीच यावे, असे मला वाटते. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांना कमी लेखत नाही. त्यांनी जग दाखवले तर तेही हवेच. पण बीडच्या महाविद्यालयात आज शिकणाऱ्यांपैकी अनेकांचे आई-बाप स्वतः कोयता घेऊन गेलेले आहेत. फडावरच्या कोपीत चिमणीच्या उजेडात अभ्यास कसा होतो, पहाटे तीनला गाडी भरायला आई उठते तेव्हा धाकट्याला कोण धरते, हे त्यांना सांगावे लागत नाही. सहावीतल्या मुलीसमोर असा एखादा दादा किंवा ताई उभी राहिली, तर शिकून पुढे काय होते याचे उत्तर तिला समोर दिसते. त्या तरुणालाही, ज्या घरातून आपण आलो ते लपवायचे नसते, हे तिथे कळते. चार श्रेयांकांत मावणार नाही इतके मोठे हे शिक्षण आहे.

एका गोष्टीवर मी अडून राहीन. निवासी शाळेतल्या या मुलांना माणसे जाण्याची सवय आहे. दर दिवाळीला त्यांचे सर्वांत जवळचे माणूस निघून जाते. महिनाभर जीव लावून, निरोपाच्या दिवशी गळ्यात पडून रडून, पुन्हा कधीही न येणारा दादा त्यांच्या आयुष्यात आणखी एक निघून जाणे जमा करतो. आई निदान परत येते. म्हणून एकदाच येणाऱ्या वीस विद्यार्थ्यांपेक्षा तीन वर्षे परत येणारे चार विद्यार्थी शाळेने घ्यावेत. येण्याच्या तारखा आधी सांगाव्यात आणि पाळाव्यात. परीक्षा मध्ये आली तर पत्र लिहावे, पोस्टाने. वाचायला नुकतेच शिकलेल्या मुलाला आपल्या नावाने आलेले पत्र म्हणजे काय असते, हे लिहिणाऱ्याला कधी पूर्ण कळणार नाही. आणि प्रकल्प अहवालात मुलांचे चेहरे, नावे, घरातल्या मृत्यूंच्या कहाण्या येऊ देऊ नयेत. कुणाचे दुःख ही श्रेयांकाची सामग्री नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेने येणाऱ्याची नीट चौकशी करावी, त्याला एकट्याला मुलांसोबत राहू देऊ नये. यात कुणी अपमान मानू नये.

महाविद्यालये इंटर्नशिपचे नियोजन वर्षाच्या सुरुवातीला करतात. प्राचार्यांना आणि समन्वयकांना माझी विनंती आहे की, त्या नियोजनाच्या बैठकीत विद्यापीठाच्या परीक्षा वेळापत्रकाशेजारी गळीत हंगामाच्या तारखाही ठेवाव्यात आणि विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दिवाळीच्या सुट्टीत, टोळ्या निघाल्यानंतरच्या आठवड्यात, शिरूरला पाठवावी.