शेवटच्या गाडीचा हक्क

पावसाळ्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधून सुट्टीच्या पहाटे पाच-सात गाड्यांचे ताफे निघतात. काही बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाड गाठून माळशेजचा घाट चढतात, काही कर्जतच्या बाजूला वळतात. घाटात धुके उतरले की पुढच्या गाडीचा दिवाही दिसेनासा होतो, म्हणून अशा मंडळींत वॉकी-टॉकी घ्यायचा विषय निघतो. पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात: किती वॅटचा, आणि किती किलोमीटर ऐकू जातो? दोन्ही प्रश्न बोलणाऱ्याचे आहेत. माझे म्हणणे असे की निवड ऐकणाऱ्याच्या बाजूने व्हायला हवी आणि त्याचे कारण यंत्रात जेवढे आहे तेवढेच धर्मविचारातही आहे. आपल्याकडे मौन हे व्रत मानले जाते. पाळणाऱ्याला त्याचे पुण्य, मोडणाऱ्याचे नुकसान त्याच्यापुरते. एकाच चॅनलवर अनेकजण असतात तिथे ही समजूत अपुरी पडते. तिथले मौन म्हणजे दुसऱ्याचे देणे असते, आणि ते थकवले तर नुकसान अशा माणसाचे होते ज्याचा आवाज आपल्याला ऐकूही आलेला नसतो.

आधी यंत्र काय करते ते पाहू. वॉकी-टॉकीच्या एका चॅनलवर एका वेळी एकालाच बोलता येते. बटण दाबले की आपला संच त्या क्षणापासून बहिरा होतो. दोघांनी एकदम दाबले तर दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागत नाही. मग बाकीच्या गाड्यांत काय ऐकू येते? एफएम पद्धतीचा संच दोन लहरींतली पुरेशी जोरकस लहर पकडतो आणि दुबळी जवळजवळ पुसून टाकतो. खरखर नाही की कुजबुज नाही. आणखी कोणी बोलत होते याची खूणही उरत नाही. आता माळशेजच्या चढावरचा ताफा डोळ्यांपुढे आणा. पुढच्या दोन गाड्या लागून आहेत आणि भजी कुठे खायची यावर त्यांचे बोलणे रंगले आहे. दोन वळणे मागे शेवटच्या गाडीचे चाक बसले आहे आणि ती हाक मारते आहे. अंतर जास्त, मध्ये कातळ, म्हणून तिची लहर दुबळी. पुढच्यांना ती येत नाही आणि आपण तिला दाबले हे त्यांना कळतही नाही. यात कोणाचा द्वेष नाही, उर्मटपणाही नाही. जवळच्याचे सहज बोलणे दूरच्याची हाक पुसून टाकते, असा या माध्यमाचा स्वभावच आहे. नीतीचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो, कारण ज्याच्यावर अन्याय झाला त्याची तक्रारसुद्धा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. आपल्याला कोणी काही बोलले नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे इथे धरून चालता येत नाही.

समुद्रावरच्या लोकांना हे फार पूर्वी कळले होते. जहाजांची संकटाची हाक 500 किलोहर्ट्झवर येई आणि त्याच ठिकाणी एरवीची हाकाटीही चाले. म्हणून नियम झाला की दर तासाला दोनदा, 15 ते 18 आणि 45 ते 48 या मिनिटांत, सगळ्या जहाजांनी बोलणे थांबवून कान द्यायचा. रेडिओखोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर ती मिनिटे लाल रंगवलेली असत. बुडणाऱ्या जहाजाची बॅटरी क्षीण असेल, अंतर शेकडो मैलांचे असेल, तरी त्या तीन मिनिटांत त्याची हाक वर यावी, एवढाच हेतू. जहाजांच्या संकटसंपर्काची नवी, उपग्रहांची मदत घेणारी व्यवस्था 1999 मध्ये पूर्ण लागू होईपर्यंत ही शिस्त होती. शिस्त नसेल तर काय होते याचा सर्वांत भयंकर दाखला आकाशातल्या लोकांकडे आहे. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम यांची दोन जम्बो विमाने एकमेकांवर आदळली आणि 583 माणसे गेली. कारणे अनेक होती. त्यांतले एक असे की, नियंत्रकाने थांबायला सांगितले त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकाने आपण अजून धावपट्टीवरच असल्याचे कळवले. दोन्ही वाक्ये एकमेकांवर पडली आणि केएलएमच्या वैमानिकांना तिथे नुसती कर्कश शिट्टी ऐकू आली. दोघेही खरे बोलत होते, दोघांचेही बोलणे गरजेचे होते. सत्य बोलणे पुरेसे नसते, ते ऐकू येईल अशी जागाही कोणीतरी राखून ठेवावी लागते.

ही जागा राखणे हे ऋण आहे, असे मी म्हणतो तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थच मनात आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सगळ्यांना ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणाने त्यांत चौथे मनुष्यऋण जोडले आहे. जो जन्मला तो माणसांचेही देणे लागतो. हे देणे आतिथ्याने आणि अन्नाने फेडायचे, असे तिथे सांगितले आहे. एकत्र प्रवास करणाऱ्यांनी ते मौनानेही फेडावे, याचा नमुना आपल्याकडे वारीत जिवंत आहे. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात ज्ञानोबांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त दिली. मुक्कामाच्या तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो आणि चोपदार चोप उंच करतो. अफाट समुदाय एका क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, म्हणणे ऐकून घेतो. हरवले-सापडलेही तिथेच सांगितले जाते आणि मग आरती होते. म्हणजे देवाच्या आरतीआधी अडलेल्याचे ऐकून घ्यायचे, आणि ते ऐकू यावे म्हणून बाकीच्यांनी गप्प राहायचे. वॉकी-टॉकी घेऊन निघणाऱ्या ताफ्याला याहून नेमका नियम दुसरीकडे शोधावा लागणार नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले. दासबोधाच्या चौथ्या दशकाची सुरुवात त्यानेच होते. उल्हासनगरच्या सिंधी दरबारांत गुरू ग्रंथसाहिबापुढे बसणाऱ्या भाविकांनाही ही गोष्ट नवी नाही, कारण जपजी साहिबमध्ये ऐकण्याच्या महिम्यावर सलग चार पौड्या, म्हणजे कडवी, आहेत.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला साधकाचा. मौन ही मनाची अवस्था आहे, तिला रहदारीच्या शिस्तीत कशाला ओढता? मनाच्या मौनाचे मोल मी कमी करत नाही. पण जैन आचारात वचनगुप्ती आणि भाषासमिती अशा दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत: वाणी आवरणे ही एक, आणि बोलायचे तेव्हा कोणाला इजा होणार नाही असे जपून बोलणे ही दुसरी. दुसरीत समोरचा माणूस आलाच. ज्या मौनात दुसऱ्याला जागा नाही ते एकांतात शोभते, ताफ्यात नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. श्रवणाचे गोडवे गाणाऱ्या याच परंपरेने कित्येकांना ऐकण्याचाच हक्क नाकारला. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांना क्रूर शिक्षा सांगणारे वचन गौतम धर्मसूत्रात आहे. ज्या पंढरीकडे ही वारी जाते तिथल्या विठ्ठल मंदिराचे दार दलितांना उघडावे म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये उपोषणाला बसावे लागले. बायकांना, धाकट्यांना आणि दुबळ्यांना गप्प बसवून त्यालाच संयम म्हणण्याची रीत घराघरांत होती आणि आहे. मग मौनाची शिकवण पुन्हा कशाला? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच मौनाची एक कसोटी लावली पाहिजे: कोण कोणासाठी गप्प बसते आहे? वरच्यासाठी खालच्याला गप्प बसवणे हा जुलूम. पुढच्याने मागच्यासाठी गप्प बसणे हे ऋण फेडणे. समाजआरतीत तक्रारवाल्याचे टाळ कोणी बंद पाडत नाही, गप्प होतात ते ज्यांचे ठीक चालले आहे ते. ताफ्यातही सर्वांत जास्त मौन पुढच्या गाडीने, म्हणजे ज्याच्या हाती वाट आहे त्याने पाळायचे. ज्या ताफ्यात म्होरक्या अखंड बोलतो आणि मागच्यांना फक्त ‘ओके’ म्हणायची मुभा असते, तिथे शिस्त असेल, पण धर्म नाही.

आता वॅटचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. त्या सामायिक ठेव्यातला थोडा भाग सामान्य माणसाला विनापरवाना मोकळा आहे: 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झचा सिटिझन बँड 5 वॅटपर्यंत, आणि 2018 च्या नियमांनुसार 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ अर्ध्या वॅटपर्यंत. याबाहेरच्या संचाला परवाना लागतो. हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना परीक्षा देणाऱ्या माणसाला मिळतो, त्याच्या मित्रमंडळाला नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या बेकायदा संचांना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2025 मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली, यावरून असे संच किती सहज हाती येत होते ते दिसते. कल्याण-कर्जत मार्गावरून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या जातात, त्यांचे चालक आणि गार्ड वॉकी-टॉकीवर बोलतात. वाटेल त्या फ्रिक्वेन्सीवर बोलणारा संच कोणाच्या कानावर आदळेल हे बोलणाऱ्याला कळत नाही. आपल्या वाट्याचे नाही ते न घेणे हे अस्तेय, गरजेहून जास्त न घेणे हा अपरिग्रह. योगशास्त्राने दोन्ही यमांत घातले आहेत.

‘पण जीव वाचवायला जास्त शक्ती हवी,’ असे म्हटले जाईल. आपद्धर्म मला मान्य आहे. महाभारताच्या शांतिपर्वात त्याला स्वतंत्र उपपर्व आहे. दरडीखाली कोणी अडकले असताना हाती येईल तो संच वापरणाऱ्याला मी दोष देणार नाही. परंतु संकट आले नसताना, घरी बसून, नियम मोडणारा संच मागवणे हा आपद्धर्म होत नाही, ती सोय झाली. शिवाय हिशेबही तसा नाही. मोकळ्या जागेतसुद्धा शक्ती दहापट केली तर अंतर सुमारे तिप्पटच वाढते, आणि 446 मेगाहर्ट्झच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जात असल्याने घाटातला कातळ त्यांना पुष्कळसा अडवतोच. ताफ्यात एकाकडेच जोरकस संच असेल तर आणखी विपरीत घडते. त्याचे सगळ्यांना ऐकू जाते, पण दूरच्या दुबळ्या संचाचे उत्तर त्याला येत नाही आणि तो समजतो की मागे सगळे आलबेल आहे. वॅट फक्त बोलणे वाढवतात. चांगली अँटेना बोलणे आणि ऐकणे दोन्ही वाढवते. म्हणून सगळ्यांकडे एकाच तऱ्हेचे आणि एकाच शक्तीचे संच हवेत, आणि खर्च वाढवायचाच असेल तर तो नियमात बसणाऱ्या, ऐकणे सुधारणाऱ्या गोष्टींवर व्हावा.

मोबाइल असताना हे सगळे कशाला, असेही कोणी विचारील. 26 जुलै 2005 च्या पुरात मुंबईपासून बदलापूरपर्यंत ज्यांनी आपल्या माणसांना फोन लावण्याचा प्रयत्न केला त्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. नेटवर्क असले तरी फोन कोणाला लावायचा हे आधी ठरवावे लागते. वॉकी-टॉकीवरची हाक जो कोणी ऐकत असेल त्या प्रत्येकाला असते.

तर घेताना काय पाहावे? अनेक संचांत दोन सोयी असतात, ज्यांकडे खरेदीत सहसा लक्ष जात नाही. ‘बिझी चॅनल लॉकआउट’मुळे दुसरा बोलत असताना आपले बटण चालत नाही. ‘टाइम-आउट टाइमर’मुळे बटण चुकून दाबलेले राहिले किंवा बोलणे लांबले, तर संच आपोआप थांबतो. या दोन असलेला संच घ्यावा. त्या यंत्राला थोडे मौन शिकवलेले असते. उलट दोन सोयी बंद ठेवाव्यात. ‘प्रायव्हसी कोड’ नावाप्रमाणे खाजगीपणा देत नाही. तो फक्त इतरांचे आवाज आपल्यापासून लपवतो, आणि चॅनल रिकामा आहे असे समजून आपण दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलतो. आवाजाने आपोआप सुरू होणारी ‘व्हॉक्स’ सोय गाडीतल्या गाण्यांनी आणि गप्पांनी सगळा चॅनल अडवते. संच चालवणाऱ्याच्या हाती देऊ नये. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीने वाहन चालवताना हातात धरायची संपर्कसाधने वापरणे धोकादायक वाहनचालनात घातले आहे, आणि लक्षपूर्वक ऐकणे हे तसेही शेजारी बसलेल्याचेच काम आहे. प्रत्येक गाडीत तो माणूस आधी नेमावा. निघताना पहिली चाचणी शेवटच्या गाडीने द्यावी, आणि तिचा आवाज प्रत्येक गाडीत पोहोचल्याशिवाय पुढच्या गाडीने चाक हलवू नये.