साखरपुडा आणि कॅमेऱ्याची जागा

साखरपुड्याची तारीख ठरली की हल्ली पहिला फोन कार्यालयाला जातो आणि दुसरा फोटोग्राफरला. गुरुजी, आचारी, साड्यांची खरेदी हे सगळं त्यानंतर. या क्रमावर घरातली वडीलधारी मंडळी नाराज असतात. ‘आता समारंभ फोटोसाठीच होतात’ असं त्यांचं म्हणणं. मला ही तक्रार अर्धीच पटते. फोटोग्राफर आधी ठरतो हे खरं, पण फोटोंचा विचार आधी होत नाही. ठरतं ते पॅकेज: कॅमेरे किती, ड्रोन हवा की नको, रील किती, अल्बम किती पानांचा. कुठला प्रसंग, कुठल्या उजेडात, कुठून आणि कुणासाठी टिपायचा हे कुणीच ठरवत नाही. मग हे निर्णय ऐन विधीच्या वेळी स्टेजवर घेतले जातात, आणि ते घेतो कॅमेरा हातात असलेला माणूस. म्हणून माझं म्हणणं असं, की साखरपुड्याची आखणी फोटो डोळ्यांसमोर ठेवून जरूर करावी, आज करतो त्याहून अधिक नेटाने करावी. तसं केलं तरच विधी चालू असताना कॅमेऱ्याला मध्ये पडावं लागत नाही.

विधी तसा आटोपशीर. गणपतीपूजन, कलशपूजन, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी सर्वांसमक्ष सोयरीक पक्की झाल्याचं सांगणं. मग मुलाच्या आईने मुलीला कुंकू लावायचं, साडी द्यायची, ओटी भरायची, साखरेचा पुडा हातात ठेवायचा. मुलीकडच्यांनी मुलाला टिळा लावून पोशाख करायचा. अंगठ्या नंतर आल्या आणि आता त्याच मुख्य होऊन बसल्या. जातीगणिक, जिल्ह्यागणिक तपशील बदलतात. कुठे सुपारी फुटते, कुठे कुंकू आणि पेढ्यावर भागतं. गाभा मात्र सगळीकडे एकच, दोन घरांनी चारचौघांदेखत एकमेकांना शब्द देणं. चारचौघांचं तिथे असणं हा म्हणूनच विधीचा भाग आहे, आणि कॅमेऱ्यालाही त्या चारचौघांतच जागा मिळायला हवी.

प्रत्यक्षात काय होतं ते एका कार्यालयात अगदी जवळून पाहायला मिळालं. मुलाच्या आईने ओटी भरायला घेतली. तांदळाची ओंजळ, खण, नारळ, हळकुंड, सुपारी. मुलीने पदर पसरला होता. बाईंचे हात किंचित थरथरत होते, नारळ ठेवता ठेवता त्या मुलीला हळूच काहीतरी म्हणाल्या आणि मुलगी मान खाली घालून हसली. तेवढ्यात आवाज आला, ‘काकू, एक मिनिट, इकडे बघा.’ काकूंनी पदरातला नारळ परत उचलला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, पुन्हा ठेवला. ‘अजून एकदा, जरा सावकाश.’ पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तोवर तांदूळ गालिच्यावर सांडले होते, मुलीची नजर समोरच्या लेन्सवर स्थिरावली होती आणि गुरुजी मंत्र थांबवून वाट पाहत होते. भरलेली ओटी अशी परत काढून घेणं घरातल्या कुठल्याही बाईला खुपलं असतं, पण त्या क्षणी कुणी बोललं नाही. त्या दोघींमध्ये पहिल्या वेळी जे घडलं होतं ते अल्बममध्ये नाही. आहे ते तिसऱ्या वेळचं.

यात त्या फोटोग्राफरला दोष देऊन काही साधत नाही. तो चुकीच्या बाजूला उभा होता, कारण योग्य बाजू कोणती हे त्याला कुणी सांगितलेलंच नव्हतं. समोर पाहुण्यांच्या मोबाइलची भिंत, एका बाजूला समई आणि पूजेचं ताट, दुसऱ्या बाजूला गुरुजी. आदल्या दिवशी गुरुजी, फोटोग्राफर आणि घरातलं एक जाणतं माणूस पंधरा मिनिटं एकत्र बसले असते, तर विधींचा क्रम कळला असता, आणि ओटी भरताना दोघींचे चेहरे एका बाजूने दिसतील असे पाट तिरके मांडता आले असते. गुरुजींनी सुरुवातीलाच ‘ओटी होईपर्यंत मोबाइल खाली ठेवा’ असं सांगितलं तर मंडळी ऐकतात. तो शब्द यजमानांनी गुरुजींकडे आधी टाकून ठेवायला हवा, एवढंच.

काय टिपायचं याची निवड पूर्वी आपोआप होत असे, कारण फोटो दुर्मीळ होता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, म्हणजे कॅमेरा आपल्याकडे येऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. पण सामान्य घरातल्या समारंभात तो फार उशिरा शिरला आणि शिरला तेव्हाही मोजून मापून. आग्फा क्लिक थ्रीमध्ये एका रोलवर बारा फोटो निघत, पुढे पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. रोल संपेल या धास्तीने कुंकू, ओटी, टिळा, दोन्ही घरांचा एकेक ग्रुप फोटो एवढंच टिपलं जाई. आज फोटोग्राफर संध्याकाळी घरी जाताना हजारांनी फोटो घेऊन जातो. निवड टळत नाही, पुढे ढकलली जाते. ती अशा वेळी करावी लागते जेव्हा लग्नाची घाई सुरू झालेली असते आणि हजार फोटो पाहायची ताकद कुणातच उरलेली नसते. रोलने लावलेली शिस्त आता आपल्यालाच लावून घ्यायची आहे.

माझ्या काकूच्या साखरपुड्याचा एकच फोटो घरात आहे, कृष्णधवल. माजघरात बाजूच्या खिडकीतून उजेड येतोय, सासूबाई कुंकू लावतायत. नवरीमुलगी जरा अस्पष्टच आली आहे. पण मागे स्वयंपाकघराच्या दारात तीन बायका दाटीवाटीने उभ्या आहेत, एकीच्या हातात झारा तसाच राहिलाय, आणि कोपऱ्यात हाफचड्डीतला एक मुलगा पेढ्यांच्या ताटाकडे एकटक पाहतोय. काकू आता तो फोटो हातात घेते तेव्हा स्वतःकडे पाहत नाही, त्या दारातल्या तिघींकडे पाहते. त्यातली एकही आज हयात नाही. आपण आज जे फोटो काढून घेतो ते प्रामुख्याने त्याच रात्रीच्या स्टेटससाठी असतात, आणि स्टेटसला दोघांचे चेहरे पुरतात. चाळीस वर्षांनी पाहणाऱ्याला दार हवं असतं, झारा हवा असतो. फोटोग्राफरला हे सांगता येतं. विधी चालू असताना एक कॅमेरा पाहणाऱ्यांवर ठेवा, वाढणाऱ्यांवर ठेवा, दोन आज्या एकमेकींशी काय कुजबुजतायत तिकडे वळवा, असं स्पष्ट सांगितलं की बहुतेक फोटोग्राफर आनंदाने करतात. त्यांनाही तेच ते हात-धरून-उभे-राहा काढून कंटाळा आलेला असतो.

उजेडाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे जातात आणि सगळ्यात जास्त नुकसानही तिथेच होतं. अनेक कार्यालयांना मोठ्या खिडक्या असतात आणि सजावटवाल्यांचं पहिलं काम असतं त्या पडद्यांनी झाकायचं. मग आत निळे-जांभळे पार लाइट, मागे एलईडी वॉल, वर हॉलचे पिवळे दिवे. माणसाचा डोळा हे मिश्रण सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते जमत नाही. पिवळ्या दिव्याचा रंग साधारण ३००० केल्विनचा, दिवसाच्या उजेडाचा ५५००च्या आसपास. दोन्ही एकाच चेहऱ्यावर पडले की एक गाल केशरी आणि दुसरा निळसर येतो. रंगीत एलईडी याहून घातक. निव्वळ निळ्या उजेडात लाल रंगाला परत फेकायला लाल प्रकाशच मिळत नाही, त्यामुळे कुंकू काळं दिसतं. मूळ उजेडातच लाल नव्हता, तेव्हा नंतर संगणकावर कितीही खटाटोप केला तरी ते खऱ्या अर्थाने परत येत नाही. हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. आपल्याला ते जाणवत नाही, फोटोत मात्र आडवे पट्टे उमटतात. आणि मागे झगझगीत वॉल असली की पुढचे चेहरे काळवंडतात, मग त्यांच्यावर फ्लॅश मारावा लागतो आणि गुरुजींपासून आजोबांपर्यंत सगळे डोळे मिचकावत बसतात. ज्या समारंभात कुंकू लावणं हाच मुख्य विधी, तिथे आपण हजारो रुपये भरून कुंकू काळं करून घेतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण उपाय फुकटचा आहे. पडदे उघडे ठेवा, चौरंग खिडकीजवळ मांडा, विधी होईपर्यंत रंगीत दिवे बंद ठेवा. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर सगळे दिवे एकाच रंगाचे ठेवा.

वेळेचंही तसंच. भर दुपारी लॉनवर समारंभ ठेवला की ऊन डोक्यावरून पडतं आणि डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे येतात. पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्यावर सातच्या. त्याआधीच्या पाऊण तासातला उजेड तिरपा आणि मऊ असतो. लग्नाच्या गोरज मुहूर्ताची वेळ अगदी त्याला लागूनच असते. विधी त्याआधी संपेल असं वेळापत्रक आखलं, तर त्या उजेडात वीस मिनिटांत दोघांचे आणि आजी-आजोबांचे फोटो होऊन जातात. हे गणित आधी मांडलं नाही म्हणूनच मुलगा-मुलगी दोन दोन तास कुठल्यातरी बागेत नेली जातात आणि पंगतीत पाहुणे विचारत राहतात, मुलं कुठे आहेत?

खर्च अनेक घरांत मुलीकडच्यांचा. फुलांची कमान, धुराची यंत्रं, ‘एंट्री’ची गाणी, अंगठ्यांचं सजवलेलं ताट हे सगळं फोटोत चांगलं दिसावं म्हणून घेतलं जातं. गावाकडे अनेक घरांत साखरपुड्यातच लग्न उरकण्याची रीत आहे आणि खर्चापुरती तरी ती शहाणपणाची आहे. ते जमत नसेल तर निदान एलईडी वॉलचे पैसे वाचवून त्यातून चांगल्या कागदावरचे प्रिंट करून घ्यावेत आणि दोन्ही घरांत एकेक संच ठेवावा. पूर्वीच्या लग्नांच्या सीडी आज लावायला घरात यंत्रच नाही. काकूचा फोटो मात्र कपाटातून काढला की दिसतो.

एका गोष्टीकडे आखणीच्या वेळी जवळपास कुणाचंच लक्ष नसतं. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे. दोन्ही वेगवेगळे केले की मध्ये अंतर असतं, आणि त्या अंतरात दोघांना, दोन घरांना एकमेकांचा अंदाज येतो. कधी मागण्या वाढू लागतात, कधी स्वभाव कळतो, कधी लपवलेली गोष्ट बाहेर येते. अशा वेळी शब्द परत घेण्याची वाट मोकळी असायला हवी. पण त्याच रात्री शेकडो लोकांपर्यंत रील गेलेलं असतं, दोघांची नावं जोडून तयार केलेला हॅशटॅग फिरत असतो. मग ‘फोटो सगळीकडे गेलेत, आता लोक काय म्हणतील’ हे कारण खऱ्या कारणांवर मात करतं आणि त्याचा भार मुलीवर जास्त पडतो. म्हणून फोटो सार्वजनिक कधी करायचे, कुठले करायचे हे दोन्ही घरांनी आधी बोलून ठरवावं. कायदा इथे आपल्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पॅकेजच्या कागदावर हे फोटो जाहिरातीसाठी वापरू देण्याचं वाक्य असू शकतं. सही करण्याआधी ते शोधावं आणि नको असेल तर खोडावं.

शेवटचा मुद्दा कोण फ्रेममध्ये आहे याचा. ग्रुप फोटोंची यादी घरच्यांनी आधी करून एखाद्या मामाच्या नाहीतर आत्याच्या हाती द्यावी, म्हणजे ऐनवेळी माणसं शोधावी लागत नाहीत. पण यादी करायला बसलं की आणखी एक गोष्ट उघड्यावर येते. घरातली विधवा आजी, काकू, कित्येकदा मुलीची स्वतःची आई, ओटी भरताना मागे सरकते. तिला कुणी हाताला धरून दूर करत नाही, ती स्वतःच मागच्या खुर्चीवर जाऊन बसते आणि अल्बममध्ये जेवणाच्या पंगतीतल्या एखाद्या फोटोपुरती उरते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात इतर गावांनीही हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक राज्य सरकारने काढलं. परिपत्रक स्टेजपर्यंत पोचत नाही, यादी पोचते. मुलीला वाढवणाऱ्या त्या बाईचं नाव ओटी भरणाऱ्यांत आधीच लिहा, ग्रुप फोटोत तिला पुढच्या रांगेत मधली खुर्ची द्या, आणि ती कुंकू लावत असतानाचा फोटो हवाच आहे असं फोटोग्राफरला बजावून ठेवा. त्या वेळी मागून कुणी कुजबुजलंच तर उत्तर मुलाच्या आईने द्यायचं, हेही आदल्या दिवशी दोन्ही घरांत ठरलेलं असू दे.