झांकली मूठ

झांकली मूठ सव्वा लाखाची, अशी म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते. एखाद्या गरीब कुटुंबानें आपली विवंचना चारचौघांत न सांगतां अब्रूनें दिवस काढावे, ह्या अर्थानें ती शहाणपणाचीच आहे. परंतु राज्यकर्त्यांनीं तीच म्हण आपल्या कारभाराचें सूत्र करावें काय? प्रजेवर ओढवलेली एखादी भयंकर गोष्ट, केवळ शांतता राहावी म्हणून सरकारनें झांकून ठेविली, तर तें योग्य कीं अयोग्य? हा प्रश्न केवळ विद्वानांच्या वादाचा नव्हे. आमच्या धाराशिव जिल्ह्यानें तो प्रत्यक्ष भोगलेला आहे. म्हणून त्याचा शांतपणें विचार करावा असें आम्हांस वाटतें.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या नांवावरून धाराशिवास उस्मानाबाद म्हणूं लागले. २०२३ सालीं जुनें नांव सरकारी रीतीनें परत आलें. लातूर १९८२ पर्यंत ह्याच जिल्ह्यांत मोडत असे, आणि रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा त्याच लातुरास वकिली करीत असे. रझाकारांनीं खेड्यापाड्यांतून जी लुटालूट, जाळपोळ व माणसांची हत्या केली, तिच्या हकिकती अजून घराघरांतून सांगितल्या जातात. पुष्कळ कुटुंबें घरदार टाकून सरहद्दीपलीकडे बार्शी-सोलापुराकडे आश्रयास गेलीं.

त्या राजवटीस वर्तमानपत्रांची भीति तरवारीइतकीच वाटे. आ. कृ. वाघमारे ह्यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी आली, तेव्हां तें संस्थानाबाहेरून नांवें बदलून बदलून निघत राहिलें. हैदराबादेंत 'इमरोज' ह्या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबउल्ला खान ह्यांनीं संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें लिहिलें. १९४८ च्या ऑगस्ट महिन्यांत त्यांची हत्या झाली. ते स्वतः मुसलमान होते, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. खरें बोलणारा कोणत्या घरीं जन्मास येईल हें अगोदर सांगतां येत नाहीं.

१३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारताचें सैन्य सोलापुराकडून नळदुर्गाच्या वाटेनें आंत शिरलें, आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. जुलूम संपला. तो दिवस मराठवाड्यांत मुक्तिदिन म्हणून पाळला जातो, आणि तें योग्यच आहे. परंतु त्याच दिवसांत व त्यानंतर आणखी कांहीं घडलें. रझाकारांच्या पापाचा सूड अनेक ठिकाणीं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर उगविला गेला, कीं ज्यांनीं तें पाप केलेंच नव्हतें.

ह्या गोष्टी दिल्लीस कळल्या, तेव्हां पंतप्रधान जवाहरलाल नेहरू ह्यांनीं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिस्री ह्या तिघांस संस्थानांत पाठविलें. त्यांनीं १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत १६ पैकीं ९ जिल्हे पाहिले आणि १०९ गांवांतील पांचशेंहून अधिक माणसांचें म्हणणें ऐकून घेतलें. वास्तविक ते सलोखा वाढविण्याकरितां गेले होते, चौकशीकरितां नव्हे. तरी जें पाहिलें व ऐकलें तें सरकारच्या कानीं घालणें आपलें कर्तव्य आहे, असें त्यांनीं मानलें. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक होरपळले, आणि ह्या चारांत मिळून निदान १८,००० माणसें मेलीं असावींत, असा त्यांचा अंदाज होता. साऱ्या संस्थानांत हा आंकडा त्यांनीं २७,००० ते ४०,००० धरिला. कांहीं ठिकाणीं सैन्य व पोलीस ह्यांतील माणसेंही गुन्ह्यांत सामील होतीं, असें त्यांनीं स्पष्ट लिहिलें. आणि लष्करी प्रशासक मेजर जनरल चौधरी ह्यांच्या निःपक्षपातीपणाची प्रशंसाही तितक्याच मोकळेपणानें केली.

हा अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. पुढें अभ्यासकांच्या लेखांतून व ग्रंथांतून त्याचे भाग बाहेर येऊं लागले, आणि २०१३ सालीं ए. जी. नूराणी ह्यांच्या ग्रंथांत तो छापला गेला. तोंपर्यंत पासष्ट वर्षें होत आलीं होतीं.

आतां सरकारची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. देशाची फाळणी होऊन जेमतेम सवा वर्ष झालें होतें. पंजाबांत रक्ताचे पाट वाहिले होते. नवें राज्य अजून पायावर उभें राहिलें नव्हतें. अशा समयीं हे आंकडे छापले असते, तर ठिकठिकाणीं पुन्हां आग भडकली असती, असें भय ज्यास वाटलें असेल त्यास आम्ही दुष्ट म्हणणार नाहीं. घरांत ताज्या जखमेचा रोगी असतां शहाणा माणूस त्याच्या उशाशीं बसून मृत्यूची यादी वाचीत नाहीं. कांहीं काळ थांबणें हें कधीं कधीं दयेचें कृत्य असतें.

परंतु थांबणें निराळें आणि गाडून टाकणें निराळें. जो थांबतो तो सांगण्याचा दिवस मनाशीं ठरवितो. जो गाडतो त्यास तो दिवस कधींच उगवूं नये असें वाटतें. पासष्ट वर्षांत साक्षीदार एकेक करून गेले. ज्यांचीं माणसें गेलीं त्यांस हा देश आपलें दुःख जाणतो एवढेंही ऐकावयास मिळालें नाहीं. आणि शांतता तरी किती मिळाली? जेथें सत्यास बोलूं दिलें नाहीं, तेथें अफवा बोलूं लागली. एका आळींत एक आंकडा, दुसऱ्या आळींत दुसरा. प्रत्येकजण आपलेच मेलेले मोजीत राहिला.

ह्याहून मोठी हानि आम्हांस निराळीच दिसते. त्या अहवालांत केवळ पापाची नोंद नव्हती. कांहीं ठिकाणीं हिंदु विणकरांनीं आपल्या मुसलमान विणकर बांधवांचें हल्लेखोरांपासून रक्षण केलें, आणि तसें करितांना कित्येकांनीं स्वतःचे प्राणही वेंचले, असें समितीनें लिहून ठेविलें आहे. पळवून नेलेल्या स्त्रियांस परत आणण्याच्या कामीं पुष्कळ हिंदूंनीं साहाय्य केलें, असेंही त्यांत आहे. ज्या माणसांचीं नांवें गांवच्या वेशीवर कोरून ठेवावयाचीं, त्यांची कृतिही त्याच कपाटांत बंद झाली. पाप झांकावयास गेलें असतां पुण्यही झांकलें जातें. शिवाय गुन्हेगार कोण तें सांगितलें नाहीं, म्हणजे संशय साऱ्या जमातीवर राहतो, आणि ज्यानें मारलें तो व ज्यानें वांचविलें तो, दोघेही एकाच मापानें मोजले जातात.

ह्याच जिल्ह्यानें दुसरी एक आपत्ति पाहिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला आणि लातुराकडील किल्लारी, इकडील सास्तूर अशीं कितीतरी गांवें क्षणार्धांत ढिगारा झालीं. त्या वेळीं मृतांची गणती झाली, पडलेल्या घरांच्या याद्या झाल्या. त्या याद्यांवरून तंटे झाले, अमक्याचें नांव गळलें, तमक्याचें खोटें घातलें, अशी ओरड झाली. परंतु वाचकहो, ओरड करितां आली ती यादी होती म्हणून. चूक दाखवितां येते ती लिहिलेल्या गोष्टींतली; जी यादी झालीच नाहीं तिच्यांतून आपल्या बापाचें नांव गळलें हें कोणास सांगावें? राज्यकर्त्यांनीं जाब द्यावा, असें आम्ही म्हणतों त्याचा अर्थ ते चुकूं नयेत असा नव्हे. चूक दाखविण्यास जागा ठेवावी, एवढाच.

येथें वर्तमानपत्रांस आम्ही नुसती शाबासकी देऊन सोडणार नाहीं. महाराष्ट्राच्या २००९ सालच्या विधानसभा निवडणुकींत पैसे घेऊन उमेदवारांची स्तुति बातमी म्हणून छापल्याचें पी. साईनाथ ह्यांच्यासारख्या पत्रकारांनीं उजेडांत आणिलें. भारतीय प्रेस कौन्सिलच्या दोघां सभासदांनीं अशा विकत घेतलेल्या बातम्यांविषयीं सविस्तर अहवाल तयार केला. परंतु २०१० सालीं कौन्सिलनें तो संपूर्ण प्रसिद्ध न करितां त्याचा सार तेवढा पुढें ठेविला. शेवटीं माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखालीं केंद्रीय माहिती आयोगानें आज्ञा केली, तेव्हां २०११ सालीं तो बाहेर आला. जी पत्रें सरकारची मूठ उघडावयास निघतात, त्यांच्या वडिलधाऱ्या संस्थेनेंही आपली मूठ अशीच मिटून घेतली. अहाब राजापाशीं चारशें संदेष्टे होते आणि चारशेंही त्यास रुचेल तेंच बोलत. एकट्या मीखायानें खरें सांगितलें आणि तो तुरुंगांत गेला. बहुमत मोजून सत्य ठरत नाहीं, हें आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

मग भरंवसा कोणावर ठेवावा? आमचें उत्तर असें: जो आपल्या माणसाची चूक आपण होऊन सांगतो, त्यावर. पुढारी असो, अंमलदार असो, पत्रकर्ता असो, परीक्षा हीच. विरोधकाचें पाप वेशीवर टांगण्यास धैर्य लागत नाहीं. स्वपक्षाविरुद्ध जातें तेंही जो छापतो, त्याची दुसरी बातमी आपण निःशंक वाचावी.

आणि हीच परीक्षा आपणांसही लागू आहे. आतां खेड्यांत बातमी टपालानें येत नाहीं. ती मोबाइलवर क्षणांत येते आणि क्षणांत पुढें जाते. गांवांत जो लिहितावाचता आहे, ज्याच्या शब्दास चारजण मान देतात, त्यानें ती पुढें धाडण्यापूर्वीं स्वतःस विचारावें: हें सांगणाऱ्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे काय? आणि ज्याच्यावर हा आरोप आहे तो माझ्या नात्यागोत्यांतला असता, तर मी एवढ्या पुराव्यावर विश्वास ठेविला असता काय? ह्या दुसऱ्या प्रश्नापाशीं पुष्कळ बातम्या गळून पडतील. जी उरेल तिचा पाठपुरावा मात्र नेटानें करावा. ग्रामसभेंत उठून हिशेब विचारण्यास पैसा लागत नाहीं. माहितीच्या अधिकारांत दहा रुपयांचा अर्ज केल्यास साधारणतः तीस दिवसांत उत्तर देणें अधिकाऱ्यास भाग आहे. आपण विचारीत नाहीं, म्हणून पुष्कळ मुठी मिटलेल्या राहतात.

म्हणींत जसें झांकल्या मुठीचें मोल सांगितलें आहे, तसेंच कोंबडें झांकलें म्हणून तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, असेंही आपले वडील सांगून गेले. १९४८ चें कोंबडें पासष्ट वर्षें झांकून ठेविलें होतें. उजाडावयाचें तें उजाडलेंच. मात्र ज्यांनीं त्या उजेडाची वाट पाहिली, त्यांतील बहुतेकांचे डोळे तोंपर्यंत मिटले होते. आपल्या गांवांत, आपल्या काळांत, कोणाच्या वांट्यास अशी वाट पाहणें येऊं नये, एवढी काळजी आपण घेतली पाहिजे.