मोल आणि ऋण

गेल्या पावसाळ्यांत एका रात्रीं मुंबईहून पुण्यास येतांना द्रुतगति मार्गावर, बोरघाटांत, माझी मोटार बंद पडली. दीड वाजून गेला होता. पाऊस कोसळत होता आणि धुक्यामुळें पुढचें दिसत नव्हतें. मदतीसाठीं फोन केल्यावर तासाभरानें क्रेन घेऊन दोघेजण आले. तोंवर मी गाडींतच बसून होतों. त्यांतील वडील माणसानें सांगितलेला दर ऐकून, 'अडला हरि गाढवाचे पाय धरी' ही म्हण माझ्या मनांत आली. वरकरणी मात्र मीं मुकाट्यानें मान डोलावली आणि पावसांतून पुन्हां गाडींत शिरूं लागलों. तोंच दुसरा, विशीबाविशीचा मुलगा, ओरडला, "काका, गाडीत बसू नका! कठड्याच्या पलीकडे उभे राहा."

"आणि तुम्ही?" मीं विचारलें.

"आमचं काम कठड्याच्या अलीकडंच असतं," तो म्हणाला आणि वांकून हुक अडकवूं लागला.

त्या एका वाक्यानें माझा सारा हिशेब बिघडला, आणि तेव्हांपासून एक प्रश्न मला सोडीत नाहीं. मोबदला घेऊन केलेल्या मदतीबद्दल, मोबदला चुकता केल्यावर, आपण आणखी कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

या कामाचें स्वरूप घरीं बसून कळणारें नाहीं. ताशीं 100 किलोमीटर वेगानें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें 28 मीटर अंतर तोडतें. पुढें दिवा दिसला, तो जागचा हलत नाहीं हें उमगलें आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्यांतच चाळीसएक मीटर निघून जातात. प्रत्यक्ष थांबावयास त्याहूनहि अधिक लागतात, आणि रस्ता ओला असला म्हणजे तर विचारावयासच नको. शिवाय रात्रीं नुसत्या तांबड्या दिव्यावरून पुढची गाडी चालती आहे कीं उभी, हें ओळखणें कठीण. अशा वेळीं हुक अडकविणाऱ्याला पुष्कळदां येणाऱ्या वाहनांकडे पाठ करूनच वांकावें लागतें.

मालमोटारीचें काम याहून बिकट. तिच्या ब्रेकांची योजना अशी असते कीं, हवा निघून गेली म्हणजे स्प्रिंगा चाकांना जखडून टाकतात. मग बाहेरून हवा भरावी लागते, नाहींतर गाडीखालीं शिरून त्या स्प्रिंगा हातानें आवळून मागें घ्याव्या लागतात. मागचीं चाकें जमिनीवर ठेवून गाडी ओढावयाची तर त्या चाकांना फिरविणारा दांडा आधीं सोडवावा लागतो. कारण इंजिन बंद असतां गिअरपेटींत तेल खेळत नाहीं व ती आंतून जळते. ताणलेला तारेचा दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, म्हणून त्याच्या रेषेंत कोणी उभें राहावयाचें नसतें. सांडलेल्या डिझेलवर वाळू पसरावयाची ती निराळीच. हें सर्व अंधारांत, चिखलांत, आणि खोळंबलेल्या वाहनांचे भोंगे ऐकत!

यावर व्यवहारी गृहस्थ म्हणतील, "तो त्याचा धंदाच आहे. पैसे दिले, संपलें." या मताला मोठा आधारहि आहे. खाटीक किंवा भटारी आपल्याला अन्न पुरवितो तें परोपकारबुद्धीनें नव्हे, स्वतःच्या हितासाठीं, असें ॲडम स्मिथनें 1776 सालींच सांगून ठेवलें. आपला कायदाहि हाच भेद मानतो. मोटार वाहन कायद्यांत 2019 सालीं घातलेलें 134-अ हें कलम, अपघाताच्या जागीं सद्भावनेनें, स्वेच्छेनें व मोबदल्याची अपेक्षा न ठेवतां मदत करणारास संरक्षण देतें. कलम स्तुत्य आहे. परंतु पैसे घेणारा मदतगार त्या पुण्यवंतांच्या पंक्तींत बसत नाहीं.

तथापि मोल कशाचें झालें, हें नीट पाहिलें पाहिजे. ज्या वस्तूच्या जागीं तितक्याच किमतीची दुसरी ठेवतां येते तिला मोल असतें, आणि जिच्या जागीं दुसरें कांहींच ठेवतां येत नाहीं तिला प्रतिष्ठा असते, असा भेद कांटनें 1785 सालीं केला. क्रेनचें, डिझेलचें, वेळेचें मोल मीं दिलें. परंतु मला कठड्यापलीकडे पाठविणें हें त्या सौद्यांत नव्हतें. तो मुलगा गप्प राहिला असता तरी त्याचा दर एका पैशानेंहि उतरला नसता.

दुसऱ्या बाजूसहि न्याय दिला पाहिजे. अडलेल्याची नड पाहून वाटेल तें उकळणारे या धंद्यांत नसतीलच असें नाहीं. माझ्या मतें कसोटी साधी आहे. दर हुक अडकविण्यापूर्वीं सांगितलेला असावा. आणि दिवसाउजेडीं, ज्याला दुसरीकडे जाण्याची मोकळीक आहे अशा गिऱ्हाइकास जो सांगितला असता तोच, वर रात्रीच्या कष्टांची भर घालून, असावा. याहून अधिक घेणारा श्रम विकीत नाहीं, दुसऱ्याची भीति विकतो. पण मीहि कबूल केलें पाहिजे कीं, मनांत कुरकुरतांना मीं केवळ त्या दोन तासांचा हिशेब केला होता. बोलावणें न येतां जागून काढलेल्या रात्रीहि त्याच दरांत बसवाव्या लागतात, हें माझ्या ध्यानींहि आलें नव्हतें. म्हणींतल्या गाढवाची जागा मीं त्याला फार घाईनें दिली!

अमेरिकेंतील चॅटनूगा येथें अर्नेस्ट होम्स या गॅरेजवाल्यानें, मित्राची ओढ्यांत पडलेली मोटार दोर व माणसें लावून मोठ्या कष्टानें बाहेर काढल्यावर, 1916 सालीं मोटारगाडीवरच यारी बसविली. आज त्या गांवीं या धंद्याचें संग्रहालय आहे, आणि कामावर असतां मृत्यु पावलेल्यांच्या नांवांची एक भिंतहि आहे. रस्त्याच्या कडेला काम करणाऱ्यांसाठीं वाहनांनीं एक मार्गिका मोकळी सोडावी किंवा वेग कमी करावा, असा कायदा त्या देशांत 1996 सालीं साऊथ कॅरोलायनानें प्रथम केला; पुढें तो सर्व राज्यांत झाला.

आपल्याकडे मात्र यासाठीं कायद्याची वाट पाहण्याचें कारण नाहीं. ऋणाचा एक फार जुना विचार आपल्या पूर्वजांनीं आपल्याला दिला आहे. ऋषींचें ऋण ऋषींना परत करावयाचें नसतें, तें अध्ययन-अध्यापनानें फिटतें. पितरांचें ऋण पुढच्या पिढीच्या ठायीं फेडावयाचें असतें. त्या मुलाचें नांवहि मला ठाऊक नाहीं. त्याचें देणें फेडावयाचें तें रस्त्यावर पुढें भेटणाऱ्या त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणापाशीं.

परवां रात्रीं त्याच घाटांत दुरून पिवळा दिवा लुकलुकतांना दिसला. मीं वेग कमी केला आणि कडेची मार्गिका सोडली. मागच्या गाडीनें रागारागानें भोंगा वाजविला. मीं तो वाजूं दिला.