कागद आणि पुठ्ठा

चौथीत असताना शाळा सुटल्यावर आमचा शिष्यवृत्तीचा जादा तास असायचा. भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तीन पेपर. बुद्धिमत्तेचा पेपर सगळ्यांत लाडका, कारण त्यात पाठ करायचं काही नव्हतं. गटात न बसणारा शब्द ओळखा, आरशातल्या घड्याळात किती वाजले ते सांगा. जूनमध्ये चाळिशीत अडकलेली मुलं दिवाळीनंतर सत्तरी ओलांडायची. गुरुजींना त्याचं नवल वाटत नसे. मला मात्र पुढे मानसशास्त्र वाचताना ते तास सारखे आठवत राहिले. उपजत म्हणतात ती बुद्धी सहा महिन्यांच्या सरावाने वाढते, तर आपण नेमकं मोजतो काय?

पहिली चाचणी ज्याने केली त्या आल्फ्रेड बिनेला असली शंका नवी नव्हती. १९०४ साली फ्रान्सच्या शिक्षण खात्याने एक समिती नेमली. वर्गात मागे पडणाऱ्या मुलांना वेगळी मदत द्यायची, पण ती मुलं ओळखायची कशी, हा तिच्यापुढचा प्रश्न. बिने आणि त्याचा सहकारी सिमों यांनी १९०५ मध्ये तीस कसोट्यांची एक शिडी तयार केली. पहिल्या पायरीवर पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवायची आणि मुलाची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचं. वरच्या पायऱ्यांवर विचारायचं, कागद आणि पुठ्ठ्यात फरक काय? माशी आणि फुलपाखरात? बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला साठा, हे मत बिनेला क्रूर वाटे. त्याने अशा मुलांसाठी व्यायाम योजले होते. त्यांतला एक पुतळ्यासारखं निश्चल राहण्याचा. आपल्याकडे मुलं ‘स्टॅच्यू’ खेळतात, तसाच. आधी लक्ष स्थिर होऊ दे, मग शिकणं, असा त्याचा क्रम होता.

१९११ मध्ये बिने गेला. पुढच्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला, म्हणजे मूल ज्या वयाच्या मुलांइतकी उत्तरं देतं त्या वयाला, खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेत लुईस टर्मनने त्या भागाकाराला शंभराने गुणलं आणि बुद्ध्यांक रूढ झाला. तीस कसोट्यांची शिडी जाऊन माणसाच्या कपाळी एकच आकडा आला. मला वाटतं, घसरण इथेच सुरू झाली. कोणाला मदत हवी, हे विचारायचं सोडून कोण लायक, हे विचारायला सुरुवात झाली.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सतरा लाखांवर जवानांची परीक्षा घेतली. क्रिस्को हे काय आहे, असा त्यात एक प्रश्न होता. ते अमेरिकी स्वयंपाकघरातलं वनस्पती तूप. इटलीहून नुकत्याच उतरलेल्या मजुराला ते कुठून ठाऊक असणार? तरी त्या गुणांवरून कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये युरोपातल्या वंशांची उतरंड मांडली. १९३० मध्ये त्याने स्वतःच ते निष्कर्ष मागे घेतले. तोवर, १९२४ मध्ये, दक्षिण आणि पूर्व युरोपातल्या लोकांना अमेरिकेत येण्यापासून रोखणारा कायदा होऊन गेला होता.

आकडा पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. शाळेतल्या यशाशी त्याचं नातं खरंच आहे. पण टर्मनने हुशार म्हणून निवडलेल्या सुमारे दीड हजार मुलांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही, आणि त्याच्या चाळणीतून खाली पडलेल्या विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ या दोघांना मिळालं.

राज्यकर्त्यांचं काय? नेता निवडताना त्याचा बुद्ध्यांक तपासावा, असं कोणी म्हणालं की मला न्यूरेंबर्गचा तुरुंग आठवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे चाललेल्या खटल्याच्या वेळी गुस्ताव्ह गिल्बर्ट या अमेरिकी सैन्यातल्या मानसशास्त्रज्ञाने नाझी पुढाऱ्यांची चाचणी घेतली. शाख्टचा बुद्ध्यांक १४३, साइस-इन्क्वार्टचा १४१, गोअरिंगचा १३८. ऐकलेले अंक उलटसुलट म्हणून दाखवायच्या कसोटीत गोअरिंग वर्गातल्या हुशार पोरासारखा रमला होता, कौतुकासाठी आसुसलेला. ज्याच्या हुकमाखाली लाखो माणसं मेली, त्याला आकडे बिनचूक आठवत होते. ही चाचणी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल काही विचारतच नाही. मत देणाऱ्याला मात्र नेमकं तेच जाणून घ्यावं लागतं: सत्ता हाती आल्यावर हा दुबळ्याशी कसा वागेल?

बिनेची ती शिडी आपल्याकडेही आली. धारवाडच्या वि. वि. कामतांनी १९३४ च्या सुमारास तिला मराठी आणि कानडी रूप दिलं. प्रश्न भाषेला आणि इथल्या मुलांना जुळवून घेतले. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत वापरली जाते.

मध्यंतरी एका ओळखीच्या बाईंबरोबर अशाच एका दवाखान्यात गेलो होतो. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा. आत त्याच्याशी बोलणं चाललं होतं, बाहेर बाकावर बाई पदराचं टोक पिळत बसलेल्या. तासाभराने कागद हातात आला. आकडा कमी होता. त्यांनी तो एकदाच पाहिला, कागदाची घडी पिशवीत ठेवली आणि चाचणी घेणाऱ्या मॅडमना विचारलं, “आता याला कसं शिकवायचं, ते सांगा.” मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि वहीचं कोरं पान काढलं.